दंडावरचा खरखरीत काटा: गोव्याच्या हवेत घरच्या घरी काय करावं

गोव्यातल्या माणसाला 'तुमची त्वचा कोरडी आहे' म्हटलं तर तो आधी हसतो. पावसाचे चार महिने इथे कपडे वाळत नाहीत, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते. अशा हवेत कोरडेपणा येणार कुठून? पण जरा दंडाच्या मागच्या बाजूने हात फिरवून पाहा. थंडी नसताना अंगावर काटा उभा राहावा तसे बारीक, टोकदार ठिपके हाताला लागतात का? ते दुखत नाहीत, फारशी खाज नाही, कितीही घासलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर? मग ती घाण नव्हे, तारुण्यपीटिका नव्हेत आणि घरातली मोठी माणसं म्हणतात तशी 'अंगातली उष्णता'ही नव्हे.

डॉक्टर याला केरॅटोसिस पिलॅरिस म्हणतात. त्वचेवरचा प्रत्येक केस एका बारीक छिद्रातून बाहेर येतो. त्वचेचा वरचा थर ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो, ते या छिद्राच्या तोंडाशी साचतं आणि त्याचं कडक बूच बसतं. हाताला टोचतं ते हे बूच. भिंगातून पाहिलं तर पुष्कळदा त्याखाली वेटोळं घालून अडकलेला केसही दिसतो. हे बहुधा घरातूनच येतं, तेव्हा आईच्या किंवा बाबांच्या दंडावर एकदा हात फिरवून बघा. लहानपणी दिसायला लागतं, वयात येताना जोर धरतं आणि तिशीच्या आसपास बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. पौगंडावस्थेतल्या निम्म्याहून अधिक मुलामुलींना ते थोडंफार असतंच. स्पर्शाने पसरत नाही, त्यामुळे टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही आणि कोणापासून अंग चोरायचीही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: हे मुळापासून बरं होत नाही, आटोक्यात राहतं. महिनाभरात कायमचं घालवून देतो म्हणणारा काहीतरी विकायला बसलेला असतो.

आधी खात्री करून घ्या

हा काटा ठरावीक जागी येतो. दंडाची बाहेरची आणि मागची बाजू, मांड्यांचा पुढचा भाग, नितंब, लहान मुलांचे गाल. दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो. ठिपके कातडीच्याच रंगाचे किंवा तांबूस असतात. आपल्यासारख्या सावळ्या अंगावर मागे तपकिरी डाग राहतात, आणि खरं तर लोकांना खुपतात ते डागच.

गोव्यात घोटाळा होतो तो पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात, कारण तेव्हा त्वचेवर इतर अनेक गोष्टी याच सुमारास उठतात. घामोळं एकदम उठतं, चुरचुरतं आणि गारव्यात बसलं की ओसरतं. नायटा, म्हणजे गजकर्ण, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा काखेत वर्तुळासारखा पसरतो. त्याची कड उठावदार असते आणि खाज जीवघेणी. छाती, पाठ आणि खांद्यांवर एकसारख्या आकाराच्या खाजऱ्या पुळ्या आल्या असतील तर तो केसांच्या मुळांतला बुरशीचा प्रकार असू शकतो, त्यावर तेल चोळलं तर तो वाढतो. पू भरलेल्या, ठणकणाऱ्या पुळ्या हा जंतूंचा उपद्रव. या चारांपैकी काही असेल तर पुढची कृती तुमच्या उपयोगाची नाही.

आता तळहात उजेडात धरा. रेषा नेहमीपेक्षा जास्त आणि खोल आहेत का? नडग्यांवर खवले सुटतात का? घरात कोणाला दमा, सकाळच्या शिंका किंवा लहानपणीचा इसब आहे का? उत्तर हो असेल तर तुमच्या त्वचेची ओल धरून ठेवायची ताकदच जन्मतः थोडी कमी आहे, आणि मलमाइतकंच लक्ष तुम्हाला आंघोळीकडे द्यावं लागेल. मुलाच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर जाड, रुक्ष काटे असतील आणि संध्याकाळी त्याला नीट दिसत नसेल, तर ते अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरळ आरोग्य केंद्र गाठा.

वज्री खुंटीला टांगा

आपल्याकडची पहिली चूक न्हाणीत होते. खरखर लागते म्हटल्यावर माणूस घासायला लागतो. कोणी वज्री घेतो, कोणी घोसाळ्याची सुकी जाळी, कोणी काथ्या, आणि आता बाजारात अक्रोडाच्या टरफलांची भुकटी घातलेले स्क्रबही आले आहेत. घासल्यावर दोन तास हात गुळगुळीत लागतो, म्हणून पुन्हा घासावंसं वाटतं. पण वरचं टोक उडालं तरी बूच आतच राहतं, भोवतीची कातडी सुजते, आणि सुजलेल्या जागी सावळ्या त्वचेत डाग उमटतो. असा डाग जायला कित्येक महिने लागतात. वज्री टाचांसाठी आहे, तिथेच असू द्या. दंडाला हाताचा तळवा किंवा फार तर मऊ पंचा पुरे. नखाने ठिपके कोरायची सवय असेल तर ती मोडायला सगळ्यात जास्त कष्ट पडतील, पण डाग नको असतील तर ती मोडायलाच हवी.

पाणी कोमट घ्या. चुलीवरच्या भाणातलं कढत पाणी अंगावर ओतून घेण्याचं सुख मलाही कळतं, विशेषतः सत्तरी-सांग्याकडे डिसेंबरातल्या पहाटे. पण कढत पाणी त्वचेवरचं नैसर्गिक तेल धुऊन नेतं. कोपर बुडवून पाहिलं तर ना गरम ना गार वाटावं, इतपत ठेवा. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ आटपा.

साबणाबद्दल थोडं सविस्तर. आपल्या त्वचेचा सामू (पीएच) पाचाच्या आसपास असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. नेहमीच्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी, त्याने त्वचा कोरडी पडते. मे महिन्यात दिवसातून दोन-तीनदा न्हाणारी माणसं दर वेळी डोक्यापासून पायापर्यंत साबण लावतात आणि मग रात्री नडग्या खाजवत बसतात. साबण काखा, जांघा आणि पावलांना दिवसातून एकदा लावा. दंड आणि मांड्यांना नुसतं पाणी चालतं. तेवढ्याने समाधान होत नसेल तर साबणविरहित क्लिन्झर घ्या, सुगंध नसलेला. समुद्रात डुंबून आलात तर मीठ अंगावर वाळू देऊ नका, गोड्या पाण्याने लगेच धुऊन टाका.

नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचं काय, असं विचाराल. नरकासुर जाळून आल्यावर पहाटे तेल-उटणं लावायचं नाही तर लावायचं कधी! खुशाल लावा. फक्त दंडावर उटणं वाळू न देता ओलं असतानाच हलक्या हाताने उतरवा, खरडू नका. तसंही दिवाळीपासूनच आपली हवा कोरडी व्हायला लागते, तेव्हा आधी अंगाला तेल जिरवण्यामागे शहाणपण आहे.

आंघोळ झाली की टॉवेलने टिपा, चोळू नका. कातडी दमट असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, पुढची पायरी.

बूच मऊ करणारं मलम

इथे दोन वेगळी कामं आहेत: ओल धरून ठेवणं आणि केराटिनचं बूच सैल करणं. नुसतं मॉइश्चरायझर पहिलं काम करतं. दोन्ही कामं करणारा, स्वस्त आणि वर्षानुवर्षं वापरात असलेला पदार्थ म्हणजे युरिया. होय, शेतात घालतात तोच रेणू, पण शेतातली गोणी उघडू नका. औषधाचा शुद्ध युरिया वेगळा तयार करतात. नवख्याने 10% युरियाच्या क्रीमपासून सुरुवात करावी. महिना-दीड महिन्यात पुरेसा फरक नाही पडला तर 20% पर्यंत जाता येतं.

दुसरा पर्याय लॅक्टिक अॅसिडचा, 5 ते 12% पर्यंत. अमोनियम लॅक्टेट 12% हे त्याचंच एक रूप. तिसरा सॅलिसिलिक अॅसिडचा, 2% पासून वर. लॅक्टिक अॅसिड काट्यासोबत डागांनाही थोडं उजळवतं, म्हणून डागांचा त्रास जास्त असेल तर मी ते निवडेन. सॅलिसिलिक जास्त कोरडं करतं. घाम आणि तेलकटपणा असलेल्या अंगाला ठीक, पण इसब असलेल्याने लांब राहावं. तिन्ही एकदम आणून एकावर एक थापू नका. एकच घ्या आणि त्याला वेळ द्या.

फार्मसीत ट्यूब हातात घेऊन मागची बाजू वाचा. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमावर प्रत्येक औषधी घटकाची टक्केवारी छापलेली असते. सौंदर्यप्रसाधनावर बहुधा नुसती यादी असते आणि त्यात जास्त प्रमाणातले घटक आधी येतात. युरियाचं नाव शेवटून दुसरं असेल, तर पुढच्या बाजूला कितीही मोठ्या अक्षरांत 'युरिया' लिहिलेलं असो, ट्यूब परत ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहा. लाली किंवा फोड आले नाहीत तर दंडावर सुरू करा, आधी एक दिवसाआड रात्री, मग रोज, आणि सोसलं तर दिवसातून दोनदा. किंचित चुरचुरणं चालेल. भाजल्यासारखं झालं तर धुऊन टाका. कापलेल्या, सोललेल्या किंवा त्याच दिवशी वॅक्सिंग-शेव्हिंग केलेल्या जागी लावू नका, मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

किती लावायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ निघते, ते साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. म्हणजे एका दंडाला एक पेर. दोन्ही दंड, दिवसातून दोनदा, असा रोजचा हिशेब दोन ग्रॅमचा. 50 ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपायला हवी. तुमची तीन महिने पुरत असेल तर तुम्ही लावत नाही आहात, वास घेत आहात.

हाताला फरक जाणवायला चार ते सहा आठवडे, डाग फिके व्हायला त्याहून बरेच जास्त. गुळगुळीत झालं म्हणून थांबलात तर काही आठवड्यांत काटा परत येतो. म्हणून बरं वाटल्यावर बंद न करता आठवड्यातून दोन-तीनदा लावत राहा.

लॅक्टिक किंवा त्याच्याच कुळातलं ग्लायकॉलिक अॅसिड वापरताना त्वचा उन्हाला हळवी होते. आपल्याकडे निम्मं आयुष्य स्कूटरवर जातं आणि ऊन नेमकं दंडावरच पडतं. लांब बाह्यांचा सुती शर्ट सगळ्यात स्वस्त उपाय. नाहीतर 30 किंवा अधिक एसपीएफचं सनस्क्रीन. हे टाळलं तर डाग काढायला आणलेलं मलमच डाग गडद करून जाईल.

लहान मुलांसाठी साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरे. अॅसिडवाली मलमं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. गरोदर बाईने अॅडापलीन, ट्रेटिनॉइनसारखी रेटिनॉइडं (अ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं) वापरू नयेत आणि अंगाच्या मोठ्या भागावर सॅलिसिलिकही टाळावं.

खोबरेल, भिरंडेल आणि स्वयंपाकघर

खोबरेल तेल चांगलं आहे, पण त्याचं काम ओळखून वापरा. ते दमट कातडीवर थर धरून ओल उडू देत नाही. बूच मात्र विरघळवत नाही. म्हणून कोरड्या दिवसांत युरिया जिरल्यावर वरून तेलाचे चार थेंब, हा क्रम बरोबर. पावसाळ्यात पाठीवर आणि छातीवर तेल नको, वर सांगितलेल्या बुरशीच्या पुळ्यांना ते खाद्य होतं.

भिरंडेलाची गोष्ट निराळी. भिरंडाच्या बियांतून काढलेलं हे कोकमाचं तेल खोलीच्या तापमानाला घट्ट गोळाच राहतं, दोन तळव्यांमध्ये घासून ऊब दिली की सुटतं. भेगाळलेल्या टाचांना, कोपरांना आणि ओठांना याच्या तोडीचं घरगुती दुसरं काही मला माहीत नाही. दंडाला मात्र जड पडतं, बाही चिकटते. डिसेंबर-जानेवारीत रात्री झोपताना लावायला हरकत नाही.

लिंबू मात्र नको. लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात गेलं की फोड येतात आणि मागे काळे पट्टे उमटतात. खाण्याचा सोडाही नको, तो साबणापेक्षा फार वेगळा वागत नाही. दूध-दही किंवा मासळी सोडून हा काटा जात नाही. सोलकढी प्या, पण ती चवीसाठी.

हवेप्रमाणे बदला

जून ते सप्टेंबर पातळ लोशन पुरतं आणि काटाही बहुतेकांचा मवाळ होतो. या दिवसांत खरी काळजी कपड्यांची. दमट कपडे अंगावर चढवू नका. इस्त्री फिरवून शेवटची ओल काढा. दंडाला आवळणाऱ्या नायलॉनच्या बाह्या आणि मांडीला घासणारी घट्ट जीन्स टाळा.

दिवाळीनंतर शिगमोत्सवापर्यंत पूर्वेकडच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस असतात. पहाटे दव पडतं आणि दुपारी ओठ फुटतात. लोशनवरून घट्ट क्रीमवर यायची वेळ हीच.

आणि एक हवा बारमाही कोरडी असते: एसीची. पणजीतलं ऑफिस, हॉटेलचं रिसेप्शन, मांडवीवरच्या कॅसिनोतली रात्रपाळी, इथे आठ-दहा तास बसणाऱ्याला बाहेर कितीही पाऊस असला तरी कोरड्या हवेतच काम करावं लागतं. पिशवीत छोटी ट्यूब ठेवा. जहाजावर किंवा आखातात नोकरीला निघालेल्यांनी तर सहा महिन्यांचा साठा बॅगेत टाकावा. इथे जेमतेम जाणवणारा काटा तिकडे पहिल्याच महिन्यात वर येतो.

हे मलम घेऊ नका

गल्लीतल्या फार्मसीत दंड दाखवून 'काहीतरी द्या' म्हटलं की पुष्कळदा एक पांढरी ट्यूब हातात पडते, खाज-नायटा-डाग सगळ्यांवर चालणारी. त्यात बहुधा स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतुनाशक एकत्र असतं. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन ही नावं दिसली की समजा स्टिरॉइड आहे. चार दिवस लाली बसते, माणूस खूश होतो आणि लावत राहतो. पुढे कातडी पातळ होते, पांढऱ्या-तांबड्या रेघा उमटतात, नायटा असेल तर तो रूप बदलून दडून पसरतो. केराटिनच्या बुचावर त्याचा काही उपयोग नाही. 2018 पासून अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरीही मिळतात. मागणारे आपणच असतो. शेजारणीच्या मुलीला लागू पडलं म्हणून आणलेलं मलमही याच खात्यातलं.

डॉक्टरकडे कधी

तीन महिने नेमाने करूनही फरक नाही, पुळ्यांत पू येतो, खाजेने झोप मोडते, केस विरळ होत चाललेत (भुवयांच्या बाहेरच्या बाजूचे विशेष), गालांवरची लाली वाढते, किंवा काटा नेहमीच्या जागा सोडून अंगभर पसरतो. यांपैकी काहीही झालं तर त्वचारोगतज्ज्ञ हवा. ते रेटिनॉइड देतील, कधी लेसर सुचवतील. लेसरने लाली कमी होईल की खरखर, हे लेसरच्या प्रकारावर अवलंबून असतं, आणि सावळ्या त्वचेवर डागाचा धोका असतो. पैसे भरण्याआधी हे दोन प्रश्न विचारून घ्या. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभाग आहे.

जाताना त्या दिवशी सकाळी दंडाला काही लावू नका, नाहीतर डॉक्टरांना काटा नव्हे, मलमच दिसेल. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, अर्ध्या आणि रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. स्टिरॉइडची असली तर ती लपवू नका, पहिल्यांदा तीच टेबलावर ठेवा.